ज्याला भीती वाटते, त्यालाच देव ‘भिऊ नको’ म्हणतो

ताई, सलाम.

तुमचं पत्र मिळालं. तुमच्यासारख्या इतर आयांनाही उपयोग व्हावा म्हणून प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुमचा मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे. जहाज लाल समुद्राच्या वाटेने जाणार, असं त्याने फोनवर सांगितलं आणि त्या दिवसापासून तुमची झोप उडाली. पहाटे तीनच्या सुमारास छातीत धडधडून जाग येते. मग उजाडेपर्यंत मोबाइलच्या नकाशावर तुम्ही जहाजाचा ठिपका शोधत बसता. परवा तो ठिपकाच नाहीसा झाला आणि तुम्ही स्वयंपाकघरात मटकन खाली बसलात. घरी प्रार्थनेला आलेल्या एका बाईंनी धीर द्यावा म्हणून सांगितलं, ‘बायबलमध्ये भिऊ नको असं ३६५ वेळा लिहिलंय, दिवसाला एक. तरी भिता, म्हणजे विश्वासात कुठेतरी कमी आहे.’ तुम्ही विचारता, ‘चाळीस वर्षं चर्चच्या मंडळीत आहे, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलं. माझा विश्वास खोटा होता का? आणि आता धीर आणू कुठून?’

आधी त्या ठिपक्याचं सांगतो, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. नोव्हेंबर २०२३ पासून त्या पाण्यात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. तेव्हापासून बरेच कप्तान तो टापू ओलांडताना जहाजाची जागा सांगणारं यंत्र मुद्दाम बंद ठेवतात, म्हणजे हल्ला करणाऱ्यालाही जहाज दिसू नये. त्यामुळे ठिपका गेला की जहाजाचं काही बरंवाईट झालं, असं धरून चालू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, कोणीतरी जागं आहे आणि डोकं ठिकाणावर ठेवून काम करतंय. ते जागं असलेलं माणूस कदाचित तुमचाच मुलगा असेल.

मी वीसेक वर्षं मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरांत पाळक (पास्टर) म्हणून काम केलं. त्याआधी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मंडळी सांभाळत होतो. बंदरावरच्या पाळकाचं काम साधं असतं. जहाज धक्क्याला लागलं की गँगवे, म्हणजे जहाजाची शिडी, चढून वर जायचं, सिमकार्ड द्यायची, मेसमध्ये चहा घेत बसायचं आणि पोरं बोलतील ते ऐकायचं. कोणी प्रार्थना करा म्हणालं तर करायची. फिलिपिन्सचे, केरळचे, रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे, युक्रेनचे, सगळीकडचे खलाशी भेटले. त्यामुळे तुम्हाला जे लिहितोय ते पुस्तकात वाचलेलं कमी आणि जहाजावरच्या मेसमध्ये ऐकलेलं जास्त आहे.

तुमचा विश्वास खोटा नाही. त्या ३६५ च्या आकड्याचा धाक मनातून काढून टाका. कोणीही बसून मोजावं, तेवढी वचनं भरत नाहीत. वर्षाच्या दिवसांशी जुळणारा आकडा ऐकायला गोड लागतो म्हणून तो तोंडोतोंडी फिरत राहिला. आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: ‘भिऊ नको’ हे देव कोणाला म्हणाला, ते एकदा पाहा. अब्राहामाला, मरियेला, रात्री मेंढरं राखणाऱ्या मेंढपाळांना, कबरीपाशी गेलेल्या बायकांना. यातलं प्रत्येक माणूस त्या क्षणी घाबरलेलं होतं. जो घाबरलेला नाही त्याला भिऊ नको म्हणायचं कारणच काय? आई लेकराला ‘घाबरू नकोस, मी आहे’ म्हणते तेव्हा ती त्याला गुन्हेगार ठरवत नसते. लेकराची भीती तिच्यापर्यंत पोचली आहे, एवढंच त्यातून कळतं.

आणि या यादीत आणखी एक नाव आहे, ते तर खास तुमच्यासाठी. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातली, एकविसाव्या अध्यायातली हागार. दासी, घरातून हाकललेली, रानात भटकणारी. मसकातलं पाणी संपलं, तेव्हा तिने मुलाला एका झुडपाखाली टाकलं आणि स्वतः बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसली, कारण पोराचं मरण तिला डोळ्यांनी बघवणार नव्हतं. तिथे ती मोठ्याने रडली. प्रार्थना केली असं लिहिलेलं नाही, स्तुती केली असंही नाही. नुसती रडली. आणि देवाच्या दूताने तिला नावाने हाक मारून आधी विचारलं, तुला काय झालं? त्यानंतर म्हणाला, भिऊ नकोस. मग तिचे डोळे उघडले आणि समोर पाण्याची विहीर दिसली. ताई, मुलापासून दूर बसून रडणाऱ्या आईला देवाने विश्वासाची परीक्षा घालून नापास केलं नाही. ‘तुला काय झालं?’ असं विचारलं. तुमच्या घरी आलेल्या बाईंनीही आधी हेच विचारायला हवं होतं. त्यांच्यावर राग धरू नका. बहुतेकांना समोरच्याची भीती पाहून स्वतःची आठवते, आणि ती झाकायला हाताशी येईल ते वचन पुढे केलं जातं. पाळक असतानाच्या पहिल्या काही वर्षांत मीही तेच केलं आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता धीर कुठून आणायचा, ते बोलू. यासाठी मी जहाजावर नेहमी एकच अध्याय उघडतो, बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला सत्ताविसावा. समुद्रावरच्या माणसांना तो समजावून सांगावा लागत नाही. एकदा एका बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, तो सगळा वाचून मला म्हटलं होतं, हे लिहिणारा माणूस नक्की जहाजावर होता. होताच. ते पुस्तक लिहिणारा लूक स्वतः त्या जहाजावर होता, म्हणून तो ‘आम्ही’ असं लिहितो.

प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला निघालेला. मोसम उलटून गेलेला, पुढे जाऊ नका असं त्याने आधीच सांगितलेलं, पण जहाजाच्या मालकाचं आणि कप्तानाचं ऐकलं गेलं. मग वादळ. माल समुद्रात टाकला, तिसऱ्या दिवशी जहाजाचं सामानही टाकलं. कित्येक दिवस ना सूर्य दिसला ना तारे. तेव्हा होकायंत्र नव्हतं, तारे दिसले नाहीत म्हणजे आपण कुठे आहोत हेच कळत नाही. तुमच्या मोबाइलवरून ठिपका जातो तेव्हा तुमचं जे होतं, तेच. आणि लूक लिहितो की आपण वाचू अशी सगळी आशा नाहीशी झाली. ही आशा ‘आमची’ गेली, असा त्याचा सूर आहे. त्यात तो स्वतः आला, आणि मी समजतो, पौलही आला. कारण त्याच रात्री देवदूत पौलाजवळ उभा राहून म्हणाला, पौला, भिऊ नको. याआधी तीनदा पौलाचं जहाज फुटलं होतं, एक दिवस आणि एक रात्र त्याने खोल समुद्रात काढली होती, हे करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो स्वतः सांगतो. इतकं सोसलेला प्रेषित, तरी चौथ्या वेळी त्याला भीती वाटली. अनुभवाने भीती मरत नाही. उलट कधी कधी ती जास्त शहाणी होऊन परत येते, कारण पाणी काय करू शकतं हे तिला ठाऊक झालेलं असतं.

चौदाव्या रात्री खलाशांना वाटलं की जमीन जवळ आली. त्यांनी पाण्याचा ठाव घेतला, वीस वाव भरलं (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट). थोडं पुढे जाऊन पुन्हा घेतला, पंधरा. अंधारात खडकावर आदळू या भीतीने त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि ते दिवस उजाडण्याची प्रार्थना करत राहिले.

या चार नांगरांवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. पहिला नांगर विश्वासाचा, दुसरा आशेचा, अशी. माझं मन त्यात रमत नाही. लूक लोखंडाच्या नांगरांबद्दल बोलतोय. त्या माणसांनी जे हातात होतं ते केलं: खोली मोजली, नांगर टाकले. आणि जे हातात नव्हतं, म्हणजे पहाट, ते मागितलं. वादळ शमावं अशी प्रार्थनासुद्धा त्यांनी केली नाही. त्यांना फक्त उजाडायला हवं होतं. ताई, पहाटे तीन वाजता तुम्ही मुलाच्या सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टभरासाठी धीर मागता आणि तो मिळत नाही. तेवढा धीर एका रात्रीत कोणालाच मिळत नाही. सहा वाजेपर्यंतचा मागा.

पुढे जे झालं त्यावर माझं जास्त प्रेम आहे. खलाशी कोणाला न सांगता छोटी होडी सोडून पळायच्या बेतात होते. पौलाने ते ओळखलं आणि शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या रोमी अधिकाऱ्याला, सांगितलं, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा जीव वाचणार नाही. शिपायांनी होडीचे दोर कापून टाकले. म्हणजे ज्याला देवदूताने ‘सगळे वाचतील’ असं वचन दिलं होतं, तोच माणूस डोळ्यांत तेल घालून होडीवर लक्ष ठेवत होता. देवाचं वचन मिळालंय म्हणून त्याने पहारा सोडला नाही. आणि उजाडू लागलं तेव्हा तो सगळ्यांना म्हणाला, चौदा दिवस तुम्ही काही खाल्लं नाही, आता खा. त्याने भाकर घेतली, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले, मोडली आणि स्वतः खाऊ लागला. तेव्हा बाकीच्यांना धीर आला आणि तेही जेवले. लूकने माणसंही मोजून लिहिली आहेत: २७६. त्यांतले बहुतेक पौलाच्या देवाला मानणारे नव्हते. धीर त्यांच्यात भाषणाने आला नाही. एका कैद्याला शांतपणे घास घेताना पाहून आला.

म्हणून मी विचारतो, तुम्ही जेवता का? पत्रात नाही लिहिलंत. घाबरलेल्या घरांत पहिली चूल विझते, हे मी फार पाहिलंय. संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या भीतीने पळून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं, त्याला झोपू दिलं आणि पुन्हा उठवून खायला घातलं. आज दुपारी गरम भात-वरण करून ताटावर बसा. उभ्याने चहा-बिस्किट नको. आभार माना आणि जेवा. ही माझी तुम्हाला पहिली आध्यात्मिक सूचना आहे, आणि मी ती पूर्ण गांभीर्याने करतोय.

तुम्ही वादळातल्या शिष्यांचाही उल्लेख केला आहे. ‘तुम्ही असे भित्रे कसे? तुम्हांला विश्वास कसा नाही?’ हे येशूचे शब्द तुम्हाला टोचतात. ते शब्द आहेत, मी ते पुसणार नाही. पण मार्काच्या चौथ्या अध्यायात ते कधी येतात, ते बघा. शिष्यांनी त्याला उठवलं, जवळजवळ भांडलेच त्याच्याशी: गुरुजी, आपण बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? हे काही चांगल्या प्रार्थनेचं वाक्य नव्हे. तरी तो उठला, वाऱ्याला धमकावलं, समुद्र निवांत केला आणि मग प्रश्न विचारला. मत्तयाने क्रम वेगळा दिलाय, आधी प्रश्न मग शांती. पण तिथेही शिष्यांकडून समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत तो थांबला नाही. आधी विश्वास दाखवा, मग वादळाचं पाहतो, असं दोघांपैकी कोणीच लिहिलेलं नाही. आणि मार्काने एक वाक्य सहज घातलंय जे बहुतेक जण वाचून पुढे जातात: त्याच्याबरोबर दुसरेही मचवे होते. त्या मचव्यांतल्या लोकांनी येशूला उठवलं नाही, कदाचित तो जवळ आहे हेही त्यांना माहीत नसेल. पण समुद्र त्यांच्यासाठीही निवांत झाला. जहाजावरची पोरं मला विचारतात, मी काही प्रार्थना करणारा माणूस नाही, मग माझं काय? तेव्हा मी त्यांना हे वाक्य दाखवतो.

आता अवघड भाग. तुम्ही तो थेट विचारला नाही, पण ओळींच्या मध्ये तो आहे: मी विश्वास धरला तर माझा मुलगा सुखरूप येईल ना?

हे मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. मी दिलं तर ते खोटं ठरेल. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात एका मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं आणि तीन खलाशी गेले. बाकीच्यांना आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवलं. त्या तिघांच्या आया प्रार्थना करत नसतील, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय आपण विश्वासवीरांचा अध्याय म्हणून वाचतो. त्यात चौतिसाव्या वचनात काही जण विश्वासाने तरवारीच्या धारेपासून वाचले असं आहे. तीनच वचनं पुढे, सदतिसाव्यात, काही जण तरवारीने मारले गेले. दोघांच्याही नावापुढे तोच विश्वास. ज्यांचा वाचला त्यांचा जास्त, ज्यांचा गेला त्यांचा कमी, असा हिशोब बायबल मांडत नाही. आणि खुद्द येशूने गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळो अशी तीनदा विनंती केली. तो घामाघूम झाला, जीव मरणाइतका खिन्न झाला असं मित्रांना म्हणाला, जागे राहा म्हणून त्यांना विनवलं. प्याला टळला नाही. भीतीला पाप म्हणणाऱ्यांनी त्या बागेत थोडा वेळ थांबावं.

मग विश्वासाचा उपयोग काय? याचं उत्तर मला आपल्याच मातीतल्या एका बाईकडून मिळालं. पंडिता रमाबाई. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात तिने आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. भुकेने माणूस कसा जातो ते तिने घरातच पाहिलं. भावाबरोबर उपाशीतापाशी देशभर पायी फिरली. १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये नवरा. पदरात तान्ही मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडात तिचा बाप्तिस्मा झाला, आणि तो स्वीकारल्याबद्दल मायदेशात तिने पुष्कळ सोसलं. अशी बाई १८९६च्या दुष्काळाच्या बातम्या आल्यावर काय करील? मला वाटतं, ज्याने दुष्काळ भोगलाय त्याला दुष्काळाची भीती सगळ्यांत जास्त. त्या वाटेला पुन्हा जाऊच नये असं तिला वाटलं असतं तर कोण दोष देणार होतं? ती मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आली. पुण्यात प्लेगची धास्ती, नव्या मुलींना शहरात ठेवता येईना, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर नेलं, आणि तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. प्लेगच्या सरकारी बंदोबस्तात बायकांची जी हेळसांड चालली होती तिच्यावर १८९७मध्ये तिने वर्तमानपत्रात उघडपणे लिहिलं, सरकारची नाराजी ओढवून घेतली.

तिच्या आयुष्यात दुःख थांबलं असं नाही. १९२१मध्ये मनोरमा गेली, ऐन चाळिशीत, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई. मधल्या त्या महिन्यांतही बायबलच्या मराठी भाषांतराचं तिचं काम चालूच होतं. मुलगी गेलेली आई सकाळी उठून मुद्रितं तपासायला बसते, ते बळ कसलं असेल, यावर मी पुष्कळदा विचार केलाय. मला एवढंच कळतं की देव तिच्यासाठी विम्याची पावती नव्हता. तो सोबतीला होता. तेविसाव्या स्तोत्रात मृत्युच्छायेच्या दरीला वळसा घालणारी वाट दिलेली नाही. तिथे शब्द आहेत, ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ आणि लक्ष द्या, तोपर्यंत स्तोत्रकर्ता देवाविषयी ‘तो’ म्हणून बोलत असतो: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. दरी आली आणि ‘तो’चा ‘तू’ झाला.

माझी स्वतःची एक रात्र सांगतो. एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. मी ऑक्सिजनवर होतो, शेजारच्या दोन खाटा एका रात्रीत रिकाम्या झाल्या. इतक्या वर्षांत शेकडो लोकांसाठी प्रार्थना केली होती, आणि त्या रात्री मला एक वाक्य जुळवता येईना. प्रभूची प्रार्थना सुरू केली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, आणि पुढचं सुचेचना. श्वासच पुरेना. पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथेच अडलो. त्या ‘आमच्या’वर मी रात्रभर थांबलो होतो. एकट्याची प्रार्थना असती तर ‘माझ्या’ असतं. माझ्या वतीने उरलेली प्रार्थना कोणीतरी कुठेतरी म्हणत असेल, हे मला पहिल्यांदा पटलं. नंतर कळलं, आमच्या मंडळीतल्या चार बायकांनी रात्र वाटून घेतली होती, दोन-दोन तास.

म्हणून तुमच्या रात्रींसाठी हे सांगतो. अंथरुणात पडून नकाशा बघू नका. तो दिवसातून दोनदा बघा, सकाळी आणि संध्याकाळी, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आवाज मोठा करून. म्हणजे मुलाचा फोन आला तर ऐकू येईल, आणि नकाशा मात्र हाताशी नसेल. जाग आली तर उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, पाणी प्या, श्वास सावकाश सोडा. मग भीती देवाला नाव घेऊन सांगा, मोठ्याने, मराठीत, घरच्या शब्दांत. ‘प्रभू, क्षेपणास्त्र पडेल याची मला भीती वाटते. पोरगं बुडेल याची भीती वाटते. मी त्याला जाऊ दिलं याचा मला राग येतो.’ सुंदर शब्द शोधू नका. स्तोत्रसंहितेतली कितीतरी गाणी तक्रारीची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, त्याला शेवटी आनंदाची ओळ जोडलेली नाही. तेही पवित्र शास्त्र आहे. छप्पन्नाव्यात दावीद कबूल करतो की मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवतो. भीती आणि भाव एकाच ओळीत, एकाच वेळी.

आणि एकट्या राहू नका. मंडळीतल्या सगळ्यांना सांगू नका, पण दोघी-तिघी अशा निवडा ज्या ऐकून गप्प बसू शकतात. त्यांना रात्र वाटून द्या. शक्य असेल तर त्याच जहाजावरच्या दुसऱ्या मुलांच्या घरच्यांचा नंबर मुलाकडून घ्या. ती आई कोणत्याही धर्माची असो, तिचे तीन आणि तुमचे तीन एकाच वेळी वाजतात.

छातीत धडधड, घाम, हातपाय गार पडणं हे दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. आधी हृदय आणि थायरॉइड तपासून घ्या, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे. ‘प्रार्थना असताना गोळी कशाला’ असं कोणी म्हणालं तर सांगा की पौलाने आपल्या पत्रात लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलाय. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पहाटे तीनलाही फोन उचलतात.

आता मुलाबद्दल. त्याच्याशी बोलताना खोटं हसू नका, त्याला कळतं. पण आपली सगळी भीती त्याच्या अंगावरही ओतू नका. त्याला त्याच्या पहाऱ्यावर डोकं शांत लागतं. ‘मला काळजी वाटते, मी प्रार्थना करते, तू जेवलास का?’ एवढं पुरे. वॉचनंतर त्याने काय पाहिलं ते विचारा, त्याला बोलू द्या. त्याला दोन व्यावहारिक प्रश्नही विचारा. जहाज खरोखर लाल समुद्रातून जाणार, की आफ्रिकेला वळसा घालून? हल्ल्यांनंतर अनेक कंपन्यांनी केप ऑफ गुड होपची लांबची वाट धरली, दहा-पंधरा दिवस जास्त लागतात, तेव्हा वाट बदलली असण्याची शक्यता आहे. दुसरा प्रश्न, जहाजावर खलाशांच्या आंतरराष्ट्रीय युनियनचा करार लागू आहे का? असेल आणि तो भाग करारानुसार युद्धसदृश म्हणून जाहीर झालेला असेल, तर खलाशाला तिथे जायला नकार देण्याचा हक्क आहे, घरी पाठवण्याचा खर्च कंपनीचा. जायचं की नाही हे त्याने ठरवायचं, तुम्ही दबाव टाकू नका. पण हक्क माहीत असावा. पौलही होडीवर लक्ष ठेवून होता, तेच मी इथे सांगतोय. नकार दिला तर तो भित्रा ठरत नाही आणि गेला तर देवाची परीक्षा पाहतो असंही नाही.

आज रात्री झोपण्याआधी स्तोत्र १०७ उघडा. तेविसाव्यापासून तिसाव्या वचनापर्यंत वाचा. गलबतांतून मोठ्या पाण्यावर धंदा करणाऱ्यांचं ते वर्णन आहे. लाटा आकाशापर्यंत चढतात, माणसांचं अवसान गळतं, झिंगल्यासारखी ती झोकांड्या खातात, आणि त्या हालतच ती आरोळी मारतात. तुमच्या मुलाचं नाव त्यात घालून वाचा.

आणि मुलाकडून पुढच्या बंदराचं नाव आणि जहाजाचं नाव मिळालं की मला कळवा. जगभरातल्या कितीतरी बंदरांत आमच्यासारखे पाळक आहेत, मिशन टू सीफेअरर्सचे, स्टेला मारिसचे, इतर मंडळ्यांचे. मी तिथे निरोप पाठवतो. जहाज धक्क्याला लागलं की कोणीतरी गँगवे चढून वर जाईल, तुमच्या मुलाचं नाव घेऊन विचारील आणि आईने सांगितलंय म्हणेल, जेवला का.